परतीची फेरी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय 'स्वाध्यायातून सल्लागार व्यवसाय'. चिटणीसांनी फोनवर बजावलं होतं, की समोर तीन प्रकारची माणसं असतील: निवृत्त झालेली, निवृत्तीला टेकलेली आणि नोकरीला कंटाळलेली. तिघांनाही वाटतं की आपण आता सल्लागार व्हावं. तेव्हा काय वाचावं, कोणती परीक्षा द्यावी, ते सांगा. सांगतो. पण मी मुळात एकच गोष्ट सांगायला आलोय आणि कुठूनही निघालो तरी तिथेच पोचणार आहे. घरची मंडळी आज आली नाहीत, ती त्याचमुळे. (हशा)

ती गोष्ट अशी. सल्ला देऊन झाला, अहवाल गेला, बिल मिळालं, की वर्षाच्या आत त्या कारखान्यात स्वखर्चाने परत जायचं आणि आपण सांगितलेल्या एकेका मुद्द्याचं काय झालं ते डोळ्यांनी बघायचं. डॉक्टर पेशंटला पाच दिवसांनी परत दाखवायला बोलावतो. आम्ही सल्लागार मंडळी औषध लिहून देतो आणि गाव सोडतो.

सल्लागारीचा इतिहास मी सांगत बसत नाही. मॅकिन्झी वगैरे सल्लागार कंपन्या तुम्हाला ठाऊकच आहेत. प्रौढांनी आपलं आपण कसं शिकावं यावर माल्कम नोल्सचं 1975चं पुस्तक आहे, व्यावसायिक माणूस काम करता करता कसा विचार करतो यावर डोनाल्ड शॉनचं 1983चं आहे. दोन्ही चांगली आहेत. वाचा. व्यवस्थापनावर लिहिणारा पीटर ड्रकर तर स्वयंशिक्षणाचा वस्तादच. दर तीन-चार वर्षांनी एक नवा विषय घ्यायचा आणि मुळापासून शिकायचा. जपानी चित्रकलेपर्यंत गेला हा माणूस, नंतर ती शिकवलीसुद्धा. त्याची आणखी एक सवय होती. कुठलाही महत्त्वाचा निर्णय घेतला, की यातून काय घडेल असं आपल्याला वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि नऊ-बारा महिन्यांनी ते कागद काढून प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. म्हणजे ड्रकर परत जात होता, पण वहीत. माझं त्याच्याशी तेवढ्यापुरतं भांडण आहे. वही आपलीच असते, ती आपल्याला फार लागेल असं बोलत नाही.

टेलरचं मात्र सांगितलं पाहिजे, कारण आम्हा सगळ्यांचा मूळपुरुष तो. फ्रेडरिक टेलर, 'कन्सल्टिंग इंजिनीअर' अशी पाटी लावून कारखाना कसा चालवावा याचा सल्ला देणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी. बेथलेहेम स्टील कंपनीत त्याने कच्च्या लोखंडाच्या विटा वाहणाऱ्या मजुरांवर प्रयोग केले. एक माणूस दिवसाला साडेबारा टन उचलत होता, त्याला शास्त्र शिकवलं आणि तो साडेसत्तेचाळीस टन उचलायला लागला. मजुरी 1 डॉलर 15 सेंटवरून 1 डॉलर 85 सेंट. 1911च्या त्याच्या पुस्तकात ही गोष्ट आहे, व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात. टेलर 1901 साली बेथलेहेममधून बाहेर पडला. मग रेगी आणि पेरोनी या दोन संशोधकांनी जुनी कागदपत्रं तपासली आणि 1974 साली लिहिलं, की गोष्टीतले बरेच तपशील जुळत नाहीत. टेलर ती सांगत गेला तशी ती सजत गेली. बघा, परतीची फेरी झाली, पण सत्तर वर्षांनी आणि भलत्याच माणसांनी केली! (हशा) तोवर या गोष्टीवर जगभर किती अहवाल लिहून झाले असतील.

आता परीक्षेचं. मी ऊर्जेतला माणूस, म्हणून त्यातलं सांगतो. तुमचं क्षेत्र हिशेबाचं, अन्नप्रक्रियेचं, सॉफ्टवेअरचं असेल तर तुमचं तुम्ही बघा. 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा आला, त्यातून ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी उभी राहिली, आणि 2004 पासून एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर यांची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. तीन पेपर मॅनेजरला, चौथा ऑडिटरला. चार पेपरांची चार मार्गदर्शक पुस्तकं ब्युरोने फुकट उपलब्ध करून दिली. घरी बसून कुणीही इंजिनीअर शिकू शकेल अशी आहेत. बॉयलर, भट्टी, पंप, कॉम्प्रेसर, सगळं आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्र्यांमधून नोकरी करत, रात्री ही पुस्तकं वाचून पास झालेली पोरं मी बघितली आहेत, क्लास न लावता. तेव्हा कोर्स कुठला करू, हा प्रश्न मला विचारू नका. पास झाल्यावर काय, तो विचारा.

या पुस्तकांत कॉम्प्रेसरचं प्रकरण आहे. त्यात हवेची गळती मोजायची एक साधी रीत दिली आहे. सुट्टीच्या दिवशी, एकही मशीन चालू नसताना कॉम्प्रेसर लावायचा. कुणी हवा वापरत नाही, तरी तो मधूनमधून लोड घेतो, म्हणजे हवा कुठेतरी गळते आहे. दोन मिनिटं लोड आणि चार मिनिटं अनलोड असेल, तर सहातली दोन, म्हणजे तेहेतीस टक्के हवा भोकांतून जाते. घड्याळाशिवाय काही लागत नाही. मालकासमोर हे करून दाखवलं की मालक गार! आम्ही सल्लागार हीच चाचणी आधी का करतो ते कळलं ना? (हशा)

त्याचीच एक हकीकत सांगतो. दोन मिनिटांची आहे. चिटणीस हसतायत, पण खरंच दोन मिनिटांची आहे.

इथलीच एक फौंड्री. नाव घेत नाही. मालक कदाचित समोर बसले असतील. थंडीचे दिवस होते. मी गळती मोजली, होती चांगली तिशीच्या पुढे. लायनीवर साबणाचं पाणी लावत फिरलो, जिथे बुडबुडे येतील तिथे खडूने फुल्या. कपलिंगं बदलली, जुने होज काढले. आणि दुसरा सल्ला, प्रेशर कमी करा. आपल्याकडे सगळे सात किलोवर चालवतात, कारण शेजारचा सात किलोवर चालवतो. एक किलोने प्रेशर उतरवलं की कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते, हे ठोकताळ्याचं गणित आहे. सहावर आणलं. मोल्डिंग व्यवस्थित चाललं, फेटलिंगचे, म्हणजे कास्टिंग घासायचे, ग्राइंडर फिरले. पुढच्या महिन्याचं बिल उतरलं. मालकांनी पेढे दिले. अहवाल त्यांनी केबिनमध्ये काचेच्या कपाटात ठेवला.

मी परत गेलो ते मे महिन्यात. दारातूनच आवाज आला, कॉम्प्रेसर अनलोडच होत नव्हता. प्रेशरचा गेज बघितला, सात किलो. मालकांना विचारलं, ते म्हणाले, "रात्रपाळीची माणसं वाढवतात हो, मी किती लक्ष ठेवू?" सुपरवायझर म्हणाला, मशीन दाब धरत नाही. मेंटेनन्सवाला म्हणाला, परत गळती झाली असणार. प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं होतं. मी फेटलिंगमध्ये गेलो. तिथे एक वयस्कर ऑपरेटर होते, ते म्हणाले, "साहेब, तुम्ही थंडीत आलता न्हवं? आता बघा की." आणि त्यांनी बोट दाखवलं.

प्रत्येक खांबाला एक होज बांधलेला, तोंड माणसाच्या उंचीला, आणि कॉक थोडा उघडा. पत्र्याची शेड, मे महिना, शेजारी इंडक्शन फर्नेस. माणसं चार कास्टिंग घासत होती आणि त्या नळीसमोर उभी राहून अंगावर हवा घेत होती. शेड बांधताना पंख्याचा विचार कुणी केलाच नव्हता. मोल्डिंग, फर्नेस, फेटलिंग, सगळ्यांसाठी हवा पोचेना, म्हणून प्रेशर वाढवलेलं. तीन मिलिमीटरच्या भोकातून सात किलोची हवा जाते तेव्हा कॉम्प्रेसरला साडेतीन किलोवॉटच्या आसपास खर्च पडतो. तेवढ्यात अर्ध्या हॉर्सपॉवरचे आठ-नऊ मोठे पंखे चालतील. जगात यापेक्षा महाग वारा कुणी घेत नसेल!

(एका श्रोत्याने काही विचारले.) काय म्हणता? सल्ला चुकला? नाही, नाही. सल्ला बरोबर होता. गळती होती की नव्हती? होती. प्रेशर जास्त होतं की नव्हतं? होतं. मी थंडीत मोजलं, थंडीत तेच खरं होतं. हसू नका. (हशा) अहवालात एकही आकडा चुकीचा नव्हता, हे मी आजही लिहून देईन.

बरं, राहू द्या. मुद्दा असा, की त्या चार पुस्तकांत हेही लिहिलेलं आहे. कॉम्प्रेस्ड हवा अंगावर घेऊ नये, साफसफाईला वापरू नये, हा वाया जाणारा खर्च आहे आणि धोकाही आहे. ते मी परीक्षेला वाचलं होतं, उत्तरपत्रिकेत लिहिलंही होतं. पण फौंड्रीत मे महिन्यात हवा म्हणजे काय, ते त्या ऑपरेटरने दाखवलं. पंखे लावले. प्रेशर सहावर आलं ते राहिलं. आणि तेव्हापासून मी कुठल्याही कारखान्यात पहिला प्रश्न विचारतो की इथे उन्हाळ्यात काय होतं, पावसाळ्यात काय होतं, दिवाळीच्या आधी काय होतं. हा प्रश्न कुठल्या कोर्समध्ये नव्हता. मुलाखती घ्यायला शिकवणारी पुस्तकं भरपूर आहेत. त्यांत मालकाशी बोलावं कसं ते असतं. फेटलिंगवाल्याशी बोलायचं, तर त्याने तुम्हाला दुसऱ्यांदा आलेलं बघितलेलं असावं लागतं. पहिल्या खेपेला तो तुम्हाला साहेबाचा माणूस समजतो, आणि ते बरोबरच आहे.

(चिठ्ठी आली.) अध्यक्षांची चिठ्ठी: 'दहा मिनिटे'. बघा, म्हणजे दोन मिनिटांची हकीकत जरा लांबली.

मग परतीच्या फेरीचाच दाखला म्हणून इंजिनीअर विश्वेश्वरय्यांचं थोडक्यात सांगतो. खडकवासला धरणाचे स्वयंचलित दरवाजे तुम्हाला माहीतच आहेत, ते सोडून देतो. मुंबई इलाख्याची नोकरी सोडली आणि हैदराबादने त्यांना बोलावलं. सप्टेंबर 1908मध्ये मुसी नदीला महापूर येऊन शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. त्यांनी जाऊन काय केलं? मुसीच्या खोऱ्यात आधीच्या लोकांनी बांधलेले 788 तलाव होते. त्यातले 221 फुटले होते, ते आधी तपासले. एकेक फुटलेला बांध म्हणजे कुणातरी जुन्या माणसाने दिलेला सल्लाच की! तो इतका पाऊस आल्यावर कसा वागला, हे तिथे जमिनीवर लिहिलेलं होतं. मग शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले. ते पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर म्हणून झाले. आणि हा माणूस तेवढ्यावर थांबला नाही, नंतर ड्रेनेजच्या कामासाठी हैदराबादला पुन्हा गेला. माझ्या मुद्द्याला एवढा मोठा साक्षीदार मिळाल्यावर मी बसायलाच हवं, पण प्रश्न घ्यायचे आहेत.

हं, पहिल्या रांगेतले सीए साहेब. स्वखर्चाने कोण जाणार? अहो, आम्ही गेलो स्वखर्चाने, तुम्ही कोटेशनमध्येच घाला. फीचा शेवटचा दहावा हिस्सा वर्षभराने, परत येऊन पाहणी केल्यावर. एक कलम वाढेल. मालक आधी चमकतो, मग त्याला ते आवडतं, कारण त्याचे पैसे अडकत नाहीत, तुमचे अडकतात. काय? बिल आधी केलं तर जीएसटी आधी भरावा लागेल? अठरा टक्के? मग त्या हप्त्याचं बिल वेगळं करायचं का, कधी करायचं, हे तुम्हीच शनिवारी सांगा, शनिवारचं व्याख्यान तुमचंच आहे. (हशा)

मागे त्या ताईंनी हात वर केलाय. बोला. ...बरोबर आहे. त्यांचं म्हणणं असं, की त्या नोकरीत आहेत, परीक्षा पास झाल्या आहेत, पण अजून एकही काम मिळालेलं नाही. सल्लाच दिला नाही, तर परत कुठे जायचं?

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. ताई, दुसऱ्याच्या सल्ल्याकडे जा. आपल्याकडे प्रत्येक जुन्या कारखान्याच्या कपाटात दोन-चार अहवाल पडलेले असतात. कुणी बँकेसाठी केलेला, कुणी सबसिडीसाठी, कुणी आधीच्या मालकाच्या वेळचा. ओळखीतल्या एका मालकाला म्हणा, मला तुमचा सगळ्यात जुना अहवाल द्या, फी नको. शिफारशींची यादी काढा. मग शेडमध्ये फिरा आणि एकेकीसमोर लिहा, केली, केली आणि सोडून दिली, कधी केलीच नाही. का, ते मालकाला शेवटी विचारा. आधी मेंटेनन्सवाल्याला, मग स्टोअरवाल्याला. स्टोअरवाला फार महत्त्वाचा, कारण मागवलेलं सामान आणि बसवलेलं सामान यांतला फरक फक्त त्याला माहीत असतो. ज्या शिफारशी केल्या आणि सोडून दिल्या, त्यांच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ काढा. असे तीन कारखाने झाले की चौथ्यात मालक तुम्हाला स्वतःच विचारेल, बाई, मग आता काय करू म्हणता?

आणि हो, अहवालावर ज्याची सही असेल, त्यालाही फोन करा. तो जरा चिडेल. म्हणेल, माझा सल्ला बरोबर होता. (हशा, टाळ्या) तरी पण त्याला पत्ता द्या आणि म्हणा, या एकदा बघायला, मीही येते.

दुसरी चिठ्ठी आली. यावर फक्त 'वेळ' एवढंच लिहिलंय.