अनारकलीच्या वाट्याचा रंग



२००४ च्या दिवाळीत ‘वीर-झारा’, ‘ऐतराज’ अशा नव्याकोऱ्या सिनेमांच्या रांगेत एक चव्वेचाळीस वर्षांचा सिनेमाही येऊन उभा राहिला. १२ नोव्हेंबरला ‘मुघल-ए-आझम’ पुन्हा प्रदर्शित झाला, आणि या वेळी आरंभापासून अखेरपर्यंत रंगीत. मुंबईत इरॉसला त्याचा खास खेळ झाला, त्याला दिलीपकुमार आले होते. १९६० साली मराठा मंदिरला पहिला खेळ झाला तेव्हा ते गेले नव्हते. शहजादा सलीम जरा उशिरा दरबारात हजर झाला म्हणायचा.

एक कृष्णधवल सिनेमा रंगवला, असं तेव्हा जो तो म्हणत होता. ते पुरतं खरं नाही. ‘मुघल-ए-आझम’ मुळातच थोडा रंगीत होता. दिग्दर्शक के. आसिफ यांचं हे काम वर्षानुवर्षं रेंगाळलं आणि ते संपत आलं तोवर टेक्निकलर आपल्याकडे येऊन पोचलं होतं. आसिफनी शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडचा भाग धरून चार रिळं रंगात घेतली. ती पाहिल्यावर त्यांना अख्खा सिनेमाच पुन्हा रंगात काढावासा वाटला. वितरकांचा धीर सुटला म्हणून ते राहिलं. नाहीतर हा माणूस थांबणाऱ्यातला नव्हता. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत एकटा शीशमहाल उभा करायला दोन वर्षं लागली होती. काचा बेल्जियमच्या. त्या काचांवरून दिव्यांचा झगझगाट उलटून कॅमेऱ्यात शिरायला लागला, तेव्हा छायालेखक आर. डी. माथुर यांनी कापडाच्या पट्ट्या आड लावून त्याला आवर घातला.

मी हा सिनेमा लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवा लागायचा आणि शेंगदाणेवाला एक फेरी मारून जायचा. उर्दू संवाद आम्हां पोरांच्या डोक्यावरून जात होते. आजीला मात्र जोधाबाई झालेल्या दुर्गाबाई खोटे लगेच ओळखू आल्या. ‘अगं, ही अयोध्येच्या राजातली तारामती’, एवढ्या भांडवलावर तिला सगळी गोष्ट कळत होती. सिनेमाचा बराच भाग असा करड्या उजेडात गेला. पुन्हा दिवा लागला, नवं रीळ चढलं, दिवा विझला, आणि पडदा एकाएकी लाल-सोनेरी झाला. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या, बायकांच्या बाजूने ‘अगंबाई!’.

आता विचार करा, हा रंग येतो कधी? दरबारातली एक नाचणारी मुलगी, मधुबालाची अनारकली, शहेनशहाच्या डोळ्यांत डोळे घालून सांगते की मी कुणाला भीत नाही, तेव्हा. पृथ्वीराज कपूरांचा अकबर, त्याचे हत्ती, त्याची फौज, सलीमसुद्धा, सगळं तोवर काळं-पांढरं. रंग आधी हिच्या वाट्याला येतो, आणि छतावरच्या हजार आरशांत ही एकटीच दिसायला लागते. आसिफनी हे ठरवून केलं का? मुळीच नाही, त्यांना सगळंच रंगीत हवं होतं. वितरकांची घाई आणि पैशांची ओढाताण यांतून ते घडलं. पण घडलं ते असं नेमकं, की याहून चांगलं कुणाला ठरवूनही जमलं नसतं. असं श्रेय दिग्दर्शकाच्या खात्यावर खुशाल जमा करावं.

२००४ च्या आवृत्तीमागे कष्ट कमी नव्हते. जुनी फिल्म आधी साफसूफ केली. मग ती रंगवण्यासाठी खास संगणकप्रणाली बनवली. मूळ चित्रातल्या करड्या छटेशी जुळेल तोच रंग ती स्वीकारायची. पुढे एका गोदामात त्या काळचा एक पोशाख सापडला, तो या रंगांशी बराच जुळला म्हणतात. संगीतकार नौशादसाहेब तेव्हा हयात होते, त्यांच्या मदतीने ध्वनीही नव्याने सजवला. आवाजाबद्दल माझी काही तक्रार नाही. तंबूतल्या भोंग्यावर जे कधी ऐकूच आलं नव्हतं ते थिएटरात ऐकू आलं. १९७ मिनिटांचा सिनेमा १७७ मिनिटांवर आणला, तेही एक वेळ चालेल.

पण तो पिसाचा प्रसंग घ्या. मागे तानसेनासाठी बडे गुलाम अली खाँसाहेबांचा स्वर चालला आहे आणि सलीम एका पिसाने मधुबालाचा चेहरा कुरवाळतो आहे. माथुरांनी हे काळ्या-पांढऱ्यासाठी उजळलं होतं. कुठे पाहायचं ते उजेडच सांगत होता, आणि पाहण्यासारखं होतं फक्त ते तोंड. रंगीत आवृत्तीत नजर कपड्यांवर जाते, झाडाफुलांवर जाते, दागिन्यातल्या खड्यांवर अडकते. आणि शीशमहाल? आधीचे दोन तास रंगात गेल्यावर तो आणखी एक झगमगता सेट होऊन येतो. माझ्या भाच्याने आधी हीच आवृत्ती पाहिली. म्हणाला, ‘गाणं छान आहे मामा, पण तुम्ही सांगता तेवढं काय आहे त्यात?’ त्याला काय बोलणार!

आसिफना स्वतःलाच रंग हवा होता, असा यावर युक्तिवाद होतो. खरा आहे. पण आसिफ १९७१ मध्ये गेले, त्यांना आता विचारता येत नाही. स्टीव्हन स्पीलबर्गला विचारायची सोय होती. २००२ मध्ये ‘ई.टी.’च्या विसाव्या वर्षी त्याने पोरांमागे लागलेल्या सरकारी माणसांच्या हातातल्या बंदुका संगणकावर पुसून वॉकीटॉकी दिल्या. पुढे त्याचं त्यालाच ते पटेना, आणि २०१२ च्या आवृत्तीत बंदुका परत आल्या. आपल्याकडे असं कुणी माघारी फिरलेलं मला ठाऊक नाही. टीव्हीवर, माझ्या पाहण्यात तरी, ‘मुघल-ए-आझम’ आता रंगीतच लागतो.

त्यावर भाच्याला मी एक उपाय सांगितला, तुम्हांलाही सांगतो. ते रंग मूळच्या करड्या छटांवरच चढवलेले आहेत. तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग शून्यावर आणायचा आणि सिनेमा तसाच पाहायचा. शीशमहालाचं दार उघडलं की रिमोट उचलून पूर्ण वाढवायचा.