दातांच्या दवाखान्यात साखरेची तपासणी



बोलायचे आहे मधुमेहावर, पण सुरुवात आम्ही हिरड्यांपासून करतो.

ब्रश करताना रक्त येते, दात हलतो. आपण मिशरीला नाहीतर तंबाखूला दोष देऊन मोकळे होतो. तंबाखू निर्दोष नाहीच. पण यामागे मधुमेहही असू शकतो. रक्तातली साखर चढलेली राहिली की हिरड्यांचा जंतुसंसर्ग बळावतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. उलट, हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. अनेकांना पत्ताच नसतो, कारण साखर दुखत नाही. दात दुखतो, आणि मग माणूस दवाखाना गाठतो. तेव्हा तिथेच बोट टोचून साखर का पाहू नये? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील दंतवैद्यांनी २०११ साली दाखवले, की पडलेले दात आणि हिरड्यांतील खोल कप्पे एवढे मोजूनही छुपे मधुमेही बऱ्याच अंशी हाती लागतात. जोडीला तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, म्हणजे एचबीए१सीची चाचणी केली तर फारच थोडे सुटतात.

अर्थात खुर्चीवरची तपासणी म्हणजे निदान नव्हे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा एचबीए१सी ६.५ वा त्याहून जास्त आली, तर प्रयोगशाळेत खात्री करून डॉक्टर ठरवतात.

आता खरी अडचण. लोको पायलट, ट्रेन मॅनेजर यांना धास्ती असते, की साखर निघाली तर मेडिकल अनफिट, आणि रनिंग अलाउन्स गेला. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण लपवलेली साखर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचते, आणि डोळ्यांच्या तपासणीत काही लपत नाही. लवकर सापडली तर आहार-गोळ्यांवर निभावते. अनफिट ठरलाच, तर पर्यायी पद देण्याचा नियम रेल्वेत आहे. तो पाळून घेणे युनियनचे काम. रेल्वे इस्पितळांच्या प्रत्येक दंतविभागात ग्लुकोमीटर असावा, हीही आमची मागणी आहे.

ग्रामीण डाक सेवकाला सीजीएचएस लागू नाही. त्याने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जावे. तीस वर्षांवरील सर्वांची साखर तपासण्याची योजना तिथे आहे.

दातांच्या डॉक्टरकडे गेलात तर घरात कोणाला मधुमेह आहे का, ते आधी सांगा. मिशरी लावत असाल तर तेही.