गळाच्या दोरीला फिश फाइंडर

सिल्लोडच्या खेळणा धरणाच्या काठी गळ टाकून बसणाऱ्याला एकच प्रश्न पडतो: मासा नेमका कुठे आहे? त्याचा ठाव घेणारं ‘फिश फाइंडर’ यंत्र जपानच्या फुरुनो कंपनीने १९४८ साली बाजारात आणलं. आता ते मोसंबीएवढं मिळतं. दोरीला बांधून पाण्यात फेकायचं, चित्र मोबाइलवर पाहायचं.

यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परतला, तर तळ साडेसात मीटरवर. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून लहर ठळक परतते आणि पडद्यावर खूण उमटते. जात मात्र आपण ओळखायची. खूण तळाशी असेल तर मृगळ असू शकतो, कणकेचा गोळा खोल सोडा. वरच्या थरात असेल तर कटला असू शकतो, गळ उथळ ठेवा.

धरणातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असते, तेव्हा आधी परवानगी घ्या. पाण्यात विजेचा करंट कधीही सोडू नका. लहानमोठे सगळेच मासे मरतात, माणसाच्याही जिवावर बेततं. पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी गळाला लागली, तर ओल्या हातांनी अलगद सोडून द्या. पुढच्या वर्षीचे मासे तिच्याच पोटात आहेत.