चांदी काळी का पडते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी रसायनशास्त्रावर बोलणार म्हटल्यावर घरी हसूच झाले. पण विषय आपल्या देवघरातलाच आहे.

लेकीच्या लग्नात द्यायला मी चांदीचे तांब्या-भांडे घडवून घेतले आणि लोकरीच्या शालीत गुंडाळून, वर रबराचे पट्टे लावून ठेवले. दोन वर्षांनी सोडले तो काळेकुट्ट! तशीच सोनाराकडे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुम्ही भेसळ केलीत." त्यांनी शांतपणे कस लावून दाखवला. चांदी चोख होती. "बाई, ठेवले कशात होते?" एवढेच त्यांनी विचारले.

मग धाकट्या मुलाकडून समजून घेतले. हा सारा गंधकाचा प्रताप. लोकरीत गंधक असतो, अंड्यात-कांद्यात असतो आणि रबर टणक करायला तर तो मुद्दाम घालतात. चार्ल्स गुडइयरला ती युक्ती १८३९ साली सापडली. त्या गंधकाचा अंश हवेतून चांदीला लागला की वर काळा थर धरतो. चोख चांदीही सुटत नाही.

मी विचारले, "मग अ‍ॅल्युमिनियमचे पातेले कसे शाबूत राहते?" त्याचे उत्तर मला फार आवडले. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या प्राणवायूने डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा धरतो. घासून गेला तर लगेच पुन्हा धरतो. तेच त्याचे चिलखत. चांदीला साध्या हवेत असे चिलखत मिळत नाही.

आपण रांगोळीने खसाखसा घासतो तेव्हा काळ्याबरोबर थोडी चांदीही जाते. मुलामा असेल तर तोही जातो. त्यापेक्षा जुन्या, स्वयंपाकातून काढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी, मूठभर सोडा आणि थोडे मीठ घालावे व भांडे पातेल्याला टेकेल असे बुडवावे. सोड्याने अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा विरघळतो आणि उघडे पडलेले अ‍ॅल्युमिनियम चांदीवरचा गंधक सोडवते. चांदी जागच्या जागी राहते. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. खड्यांचे दागिने मात्र यात घालू नयेत. नक्षीत मुद्दाम धरलेला काळा रंगही निघून जातो, तेव्हा तसली मूर्ती दूरच ठेवावी.

माझे तांब्या-भांडे पंधरा मिनिटांत उजळले. दिवाळीला फराळाचे ताट घेऊन मी सोनाराकडे गेले आणि गिऱ्हाइके होती तेव्हाच चूक कबूल केली. त्यांनी ताट घेतले आणि म्हणाले, "आता सुती फडक्यात ठेवा हं."