स्वित्झर्लंडचीं लढाऊ विमानें

वायुदलासाठीं कोणतें विमान घ्यावें, हा प्रश्न बहुतेक देशांत सेनानी व मंत्री यांच्या बंद दालनांत सुटतो. स्वित्झर्लंडमध्यें मात्र संसदेच्या एखाद्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या, कीं तो मतदारांपुढें ठेवावा लागतो. आणि लढाऊ विमानेंहि या कसोटींतून सुटलेलीं नाहींत.

तेथील जनतेच्या सावधपणाला कारण आहे. १९६१ सालीं संसदेनें १०० ‘मिराज’ विमानांसाठीं सुमारें ८७ कोटी फ्रँक मंजूर केले. पुढें स्वतःच्या गरजेप्रमाणें विमानांत फेरफार करण्याच्या हौसेनें खर्च इतका फुगला, कीं १९६४ सालीं आणखी सुमारें ५८ कोटींची मागणी आली. चौकशी समिति नेमली गेली आणि अखेर ५७ विमानांवरच समाधान मानावें लागलें.

१८ मे २०१४ रोजीं २२ स्वीडिश ‘ग्रिपेन’ विमानांची योजना शेकडा ५३.४ मतदारांनीं फेटाळली. वास्तविक त्यापूर्वी तीनच महिने, १७ फेब्रुवारीला, इथिओपियाचें एक पळविलेलें प्रवासी विमान पहाटेच्या सुमारास जिनीव्हास उतरलें होतें. स्विस वायुदल त्या काळीं कचेरीच्या वेळांतच सज्ज असे. त्यामुळें सोबतीस फ्रेंच लढाऊ विमानें आलीं! २०२१ पासून मात्र दोन विमानें अहोरात्र सज्ज ठेवण्यांत येऊं लागलीं.

२७ सप्टेंबर २०२० च्या सार्वमतांत सरकारनें निराळा मार्ग धरला. विमानाचें नांव न सांगतां, ६०० कोटी फ्रँकपर्यंत खर्च करावा कीं नाहीं, एवढेंच विचारलें. शेकडा ५०.१ मतें अनुकूल पडलीं. फरक नऊ हजार मतांहूनहि कमी! मग युरोफायटर, राफाल, सुपर हॉर्नेट आणि एफ-३५ या चौघांची तुलना होऊन जून २०२१ मध्यें ३६ एफ-३५ विमानांची निवड झाली. या तुलनेंत केवळ खरेदीची किंमत धरली नव्हती. इंधन, दुरुस्ती व शिक्षण यांसह तीस वर्षांचा खर्च धरला होता. तो सुमारें १५५० कोटी फ्रँक, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त विमानापेक्षां सुमारें २०० कोटींनीं कमी, असा हिशेब मांडण्यांत आला.

परंतु किंमत ठरीव आहे, हें सरकारचें आश्वासन २०२५ सालीं डळमळलें. तसा करार नाहीं, हा गैरसमज आहे, असें अमेरिकेनें कळविलें. वाढीव खर्चाचा अंदाज ६५ कोटींपासून १३० कोटींपर्यंत गेला. डिसेंबरमध्यें मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, मंजूर रकमेंत बसतील तितकींच विमानें घ्यावींत. मिराजच्या वेळचाच हा तोडगा होय.

कोणतें यंत्र अधिक उंच वा अधिक दूर उडतें, याची पारख तज्ज्ञांनींच करावी. ती सामान्य मतदाराकडून होणें कठीण. परंतु संरक्षणासाठीं किती द्यावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या खिशांतून पैसा जातो त्याचा आहे. तो अधिकार बजावतांना त्याच्यापुढें ठेवलेला आंकडा खरा असला पाहिजे. तो आंकडाच कच्चा निघाला, तर अटीतटीनें मिळालेल्या त्या संमतीचें मोल काय राहिलें, हा प्रश्न स्विस नागरिकांपुढें उभा ठाकला आहे.