रुपेरी पडद्यावरील आदिवासी नट

वडोद्याचा आणि चित्रपटकलेचा संबंध जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी याच नगरीतील कलाभवनात छायाचित्रणाचे धडे घेतले आणि पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. आदिवासी जीवनाशीही या नगरीचे नाते आहे. पूर्वेकडील डोंगराळ मुलखात राठवांची वस्ती असून, तेथील तेजगढ गावी वडोद्याच्या 'भाषा' संस्थेने आदिवासी अकादमी उभारली आहे. परंतु हे दोन धागे पडद्यावर क्वचितच एकत्र आले. 'जैत रे जैत' (१९७७) या मराठी चित्रपटात ठाकरांचे जीवन रंगविले गेले; त्यातील नाग्या मोहन आगाशे यांनी साकारला. 'आक्रोश' (१९८०) मधील लहान्या भिकू ओम पुरी यांनी वठविला. दोघांचा अभिनय उत्तम होता, यात शंका नाही. पण ज्याची कथा, त्याला तीत स्थान कोठे, हा प्रश्न उरतोच.

ऑस्ट्रेलियातील आदिवासी नट डेव्हिड गुलपिलिल यांचे जीवन हा प्रश्न अधिक स्पष्ट करते. उत्तरेकडील आर्नहेम लँडमधील योलंगू समाजात ते जन्मले. उत्तम नर्तक आणि शिकारी असलेल्या या किशोराला दिग्दर्शक निकोलस रोग यांनी हेरले, आणि १९७१ साली 'वॉकअबाउट' प्रदर्शित झाला. त्या चित्रपटाने हा चेहरा जगभर नेला. श्रेयनामावलीत मात्र त्याचे आडनाव चुकीचे छापले गेले. 'स्टॉर्म बॉय' (१९७६), 'द लास्ट वेव्ह' (१९७७) आणि 'क्रोकोडाइल डंडी' (१९८६) यांनी कीर्ती वाढविली. पण कथेच्या केंद्रस्थानी बहुधा गोरा माणूसच राहिला. पहिली प्रमुख भूमिका लाभली ती २००२ साली, 'द ट्रॅकर' मध्ये. म्हणजे पदार्पणानंतर तब्बल ३१ वर्षांनी.

त्यानंतर त्यांनी केवळ भूमिकेवर समाधान मानले नाही. दहा होड्यांतून दलदलीत निघालेल्या आपल्या पूर्वजांचे एक जुने छायाचित्र त्यांनी दिग्दर्शक रॉल्फ डी हीर यांना दाखविले. त्यातून 'टेन कनूज' (२००६) जन्मला. त्यातील पात्रे आदिवासी भाषांतच बोलतात. निवेदन गुलपिलिल यांचे, तर एक प्रमुख भूमिका त्यांच्या मुलाची.

त्यांचे आयुष्य निष्कलंक नव्हते. मद्याने त्यांना ग्रासले, आणि पत्नीवरील हल्ल्याबद्दल २०११ साली त्यांना कारावास झाला. तो दोष झाकण्याचे कारण नाही. मात्र त्याच पडत्या काळात 'चार्लीज कंट्री'ची कल्पना आकारास आली. त्याचे लेखन त्यांनी डी हीर यांच्यासह केले, आणि त्यातील अभिनयासाठी २०१४ साली कान महोत्सवाच्या 'अं सर्तेन रगार' विभागात त्यांना सर्वोत्तम अभिनेत्याचा मान मिळाला. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ज्याचे नावही नीट लिहिले गेले नाही, तो अखेरीस स्वतःच्या कथेचा लेखक झाला, हे या कारकिर्दीचे सार होय. तेजगढच्या परिसरातील राठवांना ही गोष्ट नवखी वाटणार नाही. घराच्या भिंतीवरील पिठोरा त्यांच्या मते 'काढला' जात नाही, तो 'लिहिला' जातो, आणि लिहिणारा त्यांच्याच समाजातील असतो. भिंतीवर जो अधिकार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, तो पडद्यावरही त्यांना लाभावा, एवढीच न्याय्य अपेक्षा आहे.