आजारपणात कपाटातली पॉलिसी

विम्याचे पैसे माणूस गेल्यावरच मिळतात, असं समजून पॉलिसी कपाटात पडून राहते आणि इकडे केमोथेरपीसाठी दागिने मोडले जातात. आधी ती पॉलिसी काढा. तिला ‘क्रिटिकल इलनेस रायडर’, म्हणजे गंभीर आजारासाठीची जोड, घेतलीय का, बघा. असेल, तर यादीतल्या आजाराचं निदान झाल्यावर एकरकमी पैसे मिळतात. हॉस्पिटलच्या बिलाशी त्यांचा संबंध नाही. घरभाडं भरा, नाहीतर मुलांची फी. बारीक अक्षरं मात्र वाचाच. सुरुवातीचे साधारण 90 दिवस वगळलेले असतात. कॅन्सर अगदी प्राथमिक टप्प्यातला असेल तर बरेचदा क्लेम बसत नाही. निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण हयात असावा, अशीही अट बहुधा असते.

रायडर नसला तरी बचतीच्या पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या (पॉलिसी मध्येच मोडल्यास मिळणाऱ्या रकमेच्या) प्रमाणात कर्ज मिळतं. ते फिटलं नाही, तर व्याजासह पुढच्या क्लेममधून वळतं होतं. तरीही पॉलिसी मोडण्यापेक्षा हे बरं. आजारी माणसाला नवा विमा कोण देणार? टर्म इन्शुरन्सवर मात्र कर्ज नाही.

क्लेम नाकारला? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.